पडवीतली हवा

कमरेखालचा मी नाहीसा होऊन दहाएक मिनिटं झाली होती आणि डॉक्टर खातू माझ्या पोटात, मला न कळणाऱ्या कुठल्याशा जागी, काहीतरी ओढत होते, तेवढ्यात वीज गेली. फेब्रुवारी महिना, सकाळचे साडेदहा. रत्नागिरीत साडेदहाला वीज जाणं ही काही बातमी नव्हे, पण पोट उघडं टाकून पडलेल्या माणसाला ती बातमीच असते. खिडक्यांच्या काचांना काळा रंग दिलेला. एक श्वास घेऊन सोडावा एवढा वेळ पूर्ण काळोख झाला. डॉक्टरांचा हात थांबला असावा, कारण ओढणं थांबलं. मग भिंतीपलीकडे टक् असा आवाज झाला आणि टेबलावरचा दिवा परत लागला. आधीपेक्षा किंचित पिवळा, पण स्थिर. "आला बघा महिपतचा दिवा," डॉक्टर खातू म्हणाले, "मयेकर, तुमच्या शिष्यानं वाचवलं हो तुम्हाला." त्या वेळी माझ्या मनात जे आलं ते आता सांगून टाकतो. मला वाटलं, लागला नसता तर बरं झालं असतं. पोट माझंच उघडं होतं, आणि तरी मला तसं वाटलं.

शिष्य हा डॉक्टर खातूंचा शब्द. मी कुणाला शिकवलेलं नाही. मी इथल्या कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहाय्यक आहे, तेवीस वर्षं. म्हणजे बाटल्या भरायच्या, बर्नर पेटतात की नाही बघायचं, अॅसिडचे बुधले तळघरातून वर आणायचे. हा हर्निया त्या बुधल्यांचीच देणगी. मुलं मला मयेकर म्हणतात, प्राध्यापक अहो मयेकर म्हणतात. सर म्हणणारा आख्ख्या तेवीस वर्षांत एकच निघाला, महिपत गुरव. डॉक्टरेट घेऊन, त्याच विभागात प्राध्यापक होऊन माझ्या डोक्यावर येऊन बसला तरी तो मला सर म्हणतो, तेही चारचौघांत. लोकांना त्यात त्याचा मोठेपणा दिसतो. मला काय दिसतं ते मी कुणाला सांगत बसत नाही. तो परत आल्यापासून मी त्याला मुद्दाम अहो-जाहो करतो. एकदा म्हणाला, "सर, तुम्ही मला तुम्ही म्हणता, बरं वाटत नाही." मी म्हटलं, "पदाला मान द्यावा लागतो, गुरवसाहेब." त्याचा चेहरा उतरला. पुढले दोन दिवस मला जेवण गोड लागलं.

माझ्या तोंडासमोर एका लोखंडी दांडीवरून हिरवी चादर आडवी सोडली होती, पलीकडे काय चाललंय ते मला दिसू नये म्हणून. वीज होती तोवर खोलीत सगळीकडे ट्यूबचा सारखाच उजेड होता आणि चादर नुसती चादर होती. आता उजेड फक्त पलीकडून येत होता, महिपतच्या एका दिव्याचा, आणि चादरीत भोकं दिसायला लागली. टाचणीच्या टोकाएवढी. डाव्या कोपऱ्यात विरळ, मधे दाट. मी मोजायला लागलो आणि साठाच्या पुढे सोडून दिलं. हॉस्पिटलात सगळे म्हणत होते की चादरींना कसर लागली. डॉक्टर खातूंनी तर धोबी बदलला होता. कसर अशी खात नाही. कसर वेडीवाकडी, हावरटासारखी खाते. ही भोकं गोल होती, कडेला पिवळट, आणि अशी भोकं मी माझ्या प्रत्येक सदऱ्यावर बघत आलोय. हवेतून अॅसिडचा बारीक तुषार सुती कपड्यावर बसला की आधी काही दिसत नाही, कपडा एकदा धुतला की भोक पडतं. कोकणात याबद्दल माझ्याइतकं कळणारं दुसरं माणूस नसेल. तेव्हा ती चादर बघून मला धक्का बसायला हवा होता. बसला नाही. मला ते तीन महिन्यांपासून ठाऊक होतं.

अठरा नोव्हेंबर. दिवाळी नुकतीच झाली होती आणि मी जांघेतली गाठ दाखवायला पहिल्यांदा इथे आलो होतो. डॉक्टर खातूंनी तपासलं, ऑपरेशनला पर्याय नाही म्हणाले, आणि मी घरी न जाता ऑपरेशनच्या खोलीमागच्या पडवीत गेलो. का गेलो? खाज. तिथे महिपतचा संच आहे. छपरावर सूर्याच्या उजेडावर वीज करणाऱ्या काळ्या पाट्या, आणि खाली पडवीत मांडणीवर चोवीस बॅटऱ्या, दिवसा भरून ठेवायच्या, वीज गेली की त्यांच्यावर ऑपरेशनचा दिवा चालायचा. गेल्या फेब्रुवारीत कलेक्टर येऊन फीत कापून गेले होते. मी चौथ्या रांगेत होतो. तेव्हा पडवी तिन्ही बाजूंनी उघडी होती, वारा खेळता होता. मग मे महिन्यात महिपतने तिला झाप बांधले. आपल्याकडे बांधतातच, पावसाची झड आत येऊ नये म्हणून झावळ्या विणून पडवी बंद करून घ्यायची आणि दसऱ्याला ते उतरवायचे. राजापूरच्याही पलीकडच्या गावचा तो, हे काम त्याच्या हाताला येतं. कुणा गड्याला न सांगता स्वतः बांधले, आणि बॅटऱ्यांच्या काळजीने आतून खताच्या पिशव्यांचं प्लास्टिकही शिवलं. पण दसऱ्याला स्वारी दिल्लीला होती, आणि डॉक्टर खातूंना आतल्या खोलीत धूळ नको होती, म्हणून झाप राहिले ते राहिलेच. ऑक्टोबरचं ऊन कडक. दुपारी बारापर्यंत बॅटऱ्या भरायच्या आणि मग उरलेलं ऊन त्यांना उकळत ठेवायचं. बुडबुडे फुटायचे, प्रत्येक बुडबुड्याबरोबर अॅसिडचा कण हवेत. पाऊल आत टाकलं आणि माझ्या घशाने ते ओळखलं. मागच्या भिंतीला टेकून हौसाबाई बसली होती, हॉस्पिटलातली कामवाली, लांज्याकडची, पन्नाशीची. तिची धुतलेल्या चादरी वाळवायची आणि घड्या घालायची जागा तीच. ती खोकत होती.

एक वाक्य पुरलं असतं. झाप काढा, एवढं. दोन शब्द. डॉक्टर खातू दहा पावलांवर होते, महिपत त्याच संध्याकाळी आमच्या घरी फराळाला यायचा होता. मी कुणालाच काही बोललो नाही. घरी गेलो, महिपत आला, यमुनेने, म्हणजे माझ्या बायकोने, त्याच्यापुढे चकलीचा डबा उघडून ठेवला. त्याने संचाचं सगळं सांगितलं, आतापर्यंत सत्तर ऑपरेशनं पार पडली, एकदाही दिवा विझला नाही. मी मान हलवत राहिलो. माझ्यापाशी एक गोष्ट होती जी त्याच्यापाशी नव्हती, पहिल्यांदाच, आणि ती मला खिशातून काढायची नव्हती. मी स्वतःला सांगितलं, आज ना उद्या त्याला आपोआप कळेल. पण खरं ते असं होतं की उन्हाळा लागला, ऊन वाढलं की बॅटऱ्या आणखी उकळतील, तारा हिरव्या पडून गळतील, एक दिवस तो दिवा लागणार नाही, आणि मग सगळे विचारतील, मयेकर, तुम्हाला काय वाटतं? तो प्रश्न ऐकायची मला इतकी हौस होती. हौसाबाईच्या खोकल्याचा विचार माझ्या मनात आला नाही असं नाही. आला, आणि मी त्याला बाजूला बसवून ठेवलं.

हेवा हा शब्द मी फार उशिरा स्वतःशी उच्चारला. आधी मी त्याला अन्याय म्हणत होतो. त्याला तसंच कारण होतं. बहात्तर साली, महिपत वीस वर्षांचा विद्यार्थी होता तेव्हा, मी प्रयोगशाळेच्या मागच्या ओट्यावर एक बॅटरी उघडून बसलो होतो. बॅटरी मरते ती आतल्या पाट्यांवरचा लेप झडून तळाशी बसतो म्हणून. माझ्या डोक्यात आलं, काथ्या चेपून पाट्यांच्या मधे बसवला तर तो लेप धरून ठेवील. आपल्याकडे काथ्याला काय तोटा. दोघांनी मिळून केलं. महिपत काथ्या धुवायचा, मी कापायचो. तीन आठवड्यांत अॅसिडने काथ्याचा लगदा केला. मी तो मोरीत ओतला, हात धुतले, आणि विसरलो. तो विसरला नाही. दक्षिणेतल्या कुठल्याशा संस्थेत जाऊन सात वर्षं त्याने काथ्याला असं काय करावं की तो अॅसिडात टिकेल एवढ्या एकाच गोष्टीच्या मागे घालवली, आणि टिकवला. त्याच्या चोवीसही बॅटऱ्यांत तो काथ्या आहे. म्हणजे कल्पना माझी, तीन आठवड्यांची. मेहनत त्याची, सात वर्षांची. यात चोरी कुठे बसवायची? मी पुष्कळ प्रयत्न केला, बसत नाही. चोरी असती तर किती सोपं झालं असतं. चोराचा राग करता येतो. या माणसाने प्रबंधात माझे आभारसुद्धा मानलेत, प्रत घरी आणून दिली. मी ते पान काढून बघितलं. श्री. आत्माराम मयेकर, ग्रंथपालाच्या खाली आणि टंकलेखकाच्या वर.

यमुनेने ते पान देवापुढे ठेवलं. तिला ग्रंथपाल दिसला नाही, टंकलेखक दिसला नाही, फक्त आपलं नाव छापून आलेलं दिसलं. आम्हाला मूल नाही. विद्यार्थी असताना महिपत दोन वर्षं रविवारी आमच्याकडे जेवायचा आणि तिने त्याला कुळथाच्या पिठीपासून फणसाच्या सांदणापर्यंत सगळं वाढलंय. मी कितीही गुरवसाहेब म्हटलं तरी ती आपला महिपतच म्हणते. त्याच्या बातमीचं कात्रण तिने कुंकवाच्या करंड्याखाली ठेवलंय. एकदा मी म्हटलं, "एवढं काय त्याचं?" ती हसून म्हणाली, "का हो, तुमच्या पोटात दुखतं?" तेव्हा खरंच दुखत होतं, गाठ नुकतीच वर यायला लागली होती, आणि मी रागाने पोट धरून आत गेलो, तर ती घाबरून ओव्याचं पाणी घेऊन आली. मी ते प्यायलो. इतकं साधं माणूस समोर असलं की आपल्या मनातलं वाकडं आपल्यालाच जास्त दिसतं, आणि मग त्या माणसाचाही राग येतो. तिच्या तोंडून माझं कौतुक ऐकून मला किती वर्षं झाली हे मी टेबलावर पडल्या पडल्या आठवत होतो आणि आठवेना.

दाराबाहेर खोकला सुरू झाला. एक ढास, मग थांबणं, मग दुसरी, जास्त खोल. डॉक्टर खातू मान वर न करता म्हणाले, "हौसाबाई, अंगणात जाऊन खोका. आणि ती मिसरी सोडा, किती वेळा सांगायचं?" "व्हय जी," बाहेरून आवाज आला. मग आम्हा सगळ्यांना ऐकवत डॉक्टर म्हणाले, "फोटो काढला, छाती साफ आहे. टीबी नाही, काही नाही. दात सळसळतात म्हणते, कोकमाचं आंबट सोसत नाही म्हणते. सगळं त्या मिसरीचं." दात सळसळतात. माझी जीभ आपोआप माझ्या पुढच्या दातांवर गेली. माझेही झिजलेत, तंबाखूने नव्हे. अॅसिडाची हवा आधी पुढचे दात खाते, कारण माणूस बोलताना ते उघडे असतात. मला ते आत्ता सांगता आलं असतं. डॉक्टर, मिसरी नाही, पडवी. माझं तोंड मोकळं होतं, भूल फक्त कमरेखाली होती. मी चादरीतल्या भोकांकडे बघत राहिलो आणि वाट बघत राहिलो की दिवा निदान एकदा तरी थरथरेल. चाळीस मिनिटं तो थरथरला नाही. माझ्याच काथ्याने, म्हणजे त्याच्या काथ्याने, तो लेप घट्ट धरून ठेवला होता. डॉक्टरांनी शेवटचा टाका घातला, आणि अगदी तेव्हाच वीज आली आणि भोकं दिसेनाशी झाली.

मला वॉर्डात आणून ठेवलं. पाय लाकडाचे. उशी घ्यायची नाही, मान उचलायची नाही, कौलांकडे बघत पडायचं. दुपारी चारच्या सुमाराला महिपत आला, कॉलेजातून थेट, मागे यमुना शहाळं घेऊन. डॉक्टर खातूही हात पुसत आले. "सर, दुखतंय का?" महिपतने विचारलं. मी नाही म्हटलं. तो पायाशी उभा राहिला, बोलू की नको असं करत, आणि मग न राहवून म्हणाला, "सर, तुमचं ऑपरेशन त्याच दिव्यावर झालं, कळलं मला. मी वर्गावर होतो. शिपायाने येऊन सांगितलं तेव्हा माझे हात गार पडले. इतर कुणाच्या वेळी असं झालं नव्हतं." यमुनेने डोळ्यांना पदर लावला. मला संताप आला. त्याने माझी काळजी करावी, हेही त्यालाच जमावं? आणि तेवढ्यात डॉक्टर खातू म्हणाले, "ती दिल्लीची मोठी बातमी सांग ना त्यांना." बातमी अशी की पुढच्या सोमवारी दिल्लीची समिती संच बघायला येतेय. पसंत पडला तर दोनशे खेड्यांतल्या दवाखान्यांना असाच संच. "अगदी असाच?" मी विचारलं. "हो सर, याचाच नकाशा. पडवीसकट. गुहागरपासून सुरुवात."

दोनशे. दोनशे पडव्या, दोनशे भिंतींना टेकून दोनशे बायका. माझी दया उफाळून आली म्हणून मी बोललो असं म्हणायला मला आवडेल. पण त्या आकड्याने आधी मला झोंबलं ते दुसरंच: हा आता माझ्या हाताबाहेर चालला. आज बोललो नाही तर माझ्या खिशातली गोष्ट कुणी दुसरा काढील. मी मान न उचलता, कौलांकडे बघत म्हणालो, "दिल्लीवाल्यांना चादरी दाखव हो तुझ्या. चाळणी झालीय त्यांची. कसर म्हणता ना? कसर नाही. अॅसिड आहे. झाप बांधून, आतून प्लास्टिक शिवून तू ती पडवी कोंडून ठेवलीस, आणि बॅटऱ्या रोज दुपारी उकळतायत. तुझ्या दिव्यापायी ती हौसाबाई तीन महिने अॅसिड ओढतेय. मिसरीचा खोकला नाही तो. एवढा डॉक्टर झालास, तुला नाक नाही?" तू म्हणालो, हे बोलून झाल्यावर ध्यानात आलं. कितीतरी वर्षांनी. माझा आवाज चिरका झाला होता. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा उठून बसला.

मला वाटलं होतं तो वाद घालील. निदान लाल होईल, दोन कारणं सांगील, आणि मी ती एकेक करून तोडीन. तीन महिने मी त्याची तयारी केली होती. तो पांढरा पडला. "झाप," तो म्हणाला. "दसऱ्याला मी नव्हतो. नंतर आलो तो फक्त दिवा बघून जायचो, मीटरचे आकडे घ्यायचो. पडवीत बसलो नाही एकदाही." मग त्याने मला विचारलं, "सर, तुमच्या कधी लक्षात आलं?"

आणि मी खोटं बोललो. ठरवून नव्हे, ते तयारच होतं, जिभेच्या टोकावर. "आज," मी म्हणालो. "टेबलावर. वीज गेली तेव्हा चादरीतून उजेड आला."

"म्हणजे पोट उघडं असताना?" डॉक्टर खातू म्हणाले, आणि मोठ्याने हसले. "अहो मयेकर, कमाल आहे तुमची. आम्ही धोबी बदलला आणि यांनी एका चादरीवरून रोग ओळखला." महिपत हसला नाही. तो माझ्या उशाशी आला, माझा हात हातात घेतला आणि म्हणाला, "सर, हे माझ्या हातून कधीच झालं नसतं. मी हे लिहिणार आहे. तुमच्या नावाने, पहिल्या पानावर. समितीला मी सांगेन की दोष सरांनी काढला." मग तो निघाला तो जवळजवळ धावतच, पडवीकडे, आणि पाचच मिनिटांत झावळ्या कोयत्याने तोडल्याचा आवाज यायला लागला. यमुना माझ्याकडे बघत होती. मी तिचं ते बघणं ओळखलं. कात्रण करंड्याखाली ठेवताना ती असं बघते. तिने शहाळ्याचं पाणी वाटीत काढून चमच्याने माझ्या तोंडात घातलं आणि म्हणाली, "मला ठाऊकच होतं. तुम्ही बोलत नाही, पण तुमच्यासारखं कुणाला कळत नाही." पाणी गोड होतं. तासाभरात गोष्ट सगळ्या वॉर्डात झाली. नर्स येऊन बघून गेली. शेजारचा म्हातारा आपल्या मुलाला सांगत होता, "ह्येच ते." आयुष्यभर ज्याची भूक होती ते ताटात येऊन पडलं होतं आणि मी जेवत होतो. लाज वाटत होती का? वाटत होती, पण चव जात नव्हती.

संध्याकाळी यमुना दिवाबत्तीला घरी गेली. कमरेखालचा मी थोडा थोडा परत येत होतो, मुंग्यांच्या रूपाने. लघवी होत नव्हती. भुलीनंतर होत नाही म्हणतात. हौसाबाई भांडं घेऊन आली, पडदा ओढला आणि पाठ करून उभी राहिली. "घाई नको, मास्तर," ती म्हणाली. "वाईच दम धरा, होतंय." ती मला मास्तर म्हणते, कॉलेजातला म्हणून. ती खोकली, पदर तोंडावर धरून. तिच्या लुगड्याला, खांद्यापासून खाली, बारीक भोकं होती.

"झाप काढले ना?" मी विचारलं. काहीतरी बोलायचं म्हणून.

"काडले. सायबांनी सोता काडले. वारा आला बगा आत." मग तशीच पाठमोरी म्हणाली, "मास्तर, तुमी दिवाळीच्या वक्ताला आलावतात ना पडवीत?"

मी पडद्याच्या कड्या मोजायला लागलो.

"आलावतात. दारात हुबं ऱ्हायलात. नाकाला रुमाल लावलात, वर बगितलात, झापाला हात लावून बगितलात. मी म्हटलं, ह्ये मास्तर हायेत, ह्यांना काय तरी कळलं. आता सांगतील कुनाला तरी. मी वाट बगितली दोन-चार दीस."

"तू का नाही सांगितलंस डॉक्टरांना?" मी म्हणालो. ऐकायला किती हलकट वाटलं ते मलाही कळलं.

"मला काय ठावं कशानं होतंय ता? मला मिसरी सोडायला सांगितली, मी मिसरी सोडली." तिच्या आवाजात राग नव्हता. "तुमाला ठावं व्हतं."

पडद्यापलीकडे कुणीतरी कपबशी आपटली. मी म्हणालो, "मला महिपतचा हेवा वाटत होता, हौसाबाई. ते त्याचं बंद पडावं असं वाटत होतं." हे मी पहिल्यांदा मोठ्याने म्हटलं, आणि ऐकणारं माणूस माझ्या लघवीचं भांडं धरायला आलं होतं.

तिने ते नीट ऐकून घेतलं. निवडायला घेतलेल्या तांदळासारखं थोडं उलटसुलट केलं असावं. मग म्हणाली, "हेवा तेंचा केलात, आनि खोकत मी व्हते." आणि जरा थांबून, "ऱ्हाऊं दे. मी नाय सांगायची कुनाला. समदी चांगली बोलतायत तुमच्याबद्दल, तुमची बायको केवडी खुशीत हाय. माझं काय, आता वारा येतोय." भांडं भरलं होतं. तिने ते उचललं, वर फडकं घातलं आणि पडदा सारून गेली.

ती सांगणार नव्हती हे मला कळलं, आणि ते मला कुठेच ठेवता येईना. तिने आरडाओरडा केला असता तर मी उत्तर दिलं असतं. माझ्याजवळ उत्तरांची कमी कधीच नसते. ती मला माझं कौतुक ठेवून घ्यायला सांगून गेली होती, एखाद्या पाहुण्याला उरलेला लाडू घेऊन जा म्हणावं तसं. तेवढ्यात महिपत आला. सदरा घामाने भिजलेला, हाताला झावळ्यांचे ओरखडे. त्याने स्टूल ओढलं आणि मांडीवर वही उघडली. "सर, समितीसाठी तुमचं निवेदन लिहून घेतो. ताजं आहे तोवर. तुम्ही सांगा, मी तुमच्याच शब्दांत लिहितो." त्याने वर माझं पूर्ण नाव लिहिलं. एकट्याचं. वर ग्रंथपाल नाही, खाली टंकलेखक नाही. त्याच्या अक्षरात ते चांगलं दिसत होतं. "दोष प्रथम लक्षात आल्याची तारीख," तो पुटपुटला आणि आजची तारीख लिहायला त्याने पेन टेकवलं.

"अठरा नोव्हेंबर लिही," मी म्हणालो.

पेन थांबलं. त्याने माझ्याकडे बघितलं नाही, त्याबद्दल मी त्याचा आभारी आहे. बोटांवर महिने मोजले नाहीत. खाली मान घालून त्याने अठरा नोव्हेंबर लिहिलं, सावकाश, प्रत्येक अक्षर पुरं करून, आणि त्याच्या हाताला कंप नव्हता. त्या कंप नसलेल्या हाताचाही मला हेवा वाटला. मग तो म्हणाला, "पुढे, सर?"

पुढे काहीच नव्हतं. मी तीन महिने गप्प बसलो, एवढंच पुढे होतं. मी त्याला ते कारणासकट सांगायला लागलो, आणि तो लिहीत गेला.